ओलाव्याचा कडता

आयुष्यात एकही गोष्ट अंदाजपंचे न केलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. मी एकतीस वर्षं घाटंजीच्या शाळेत गणित शिकवलं, पण आमच्या घराला खिडक्या किती असं कुणी एकाएकी विचारलं तर मला उठून मोजाव्या लागतील. व्याह्यांचं तसं नाही. ते कापसाच्या बाजारात मापारी होते. गाडी आली की माल काट्यावर घ्यायचा, वजन पुकारायचं, आणि माल ओला असेल तर ओलाव्यापोटी वजनातून जे वजा करायचं तो कडता ठरवायचा, हे काम त्यांनी मिसरूड फुटल्यापासून केस पिकेपर्यंत केलं. शेतकरी म्हणायचा, माल खडखडीत आहे. व्यापारी म्हणायचा, पिळला तर बादली भरेल. व्याही मूठभर कापूस दाबून गालाला लावायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "क्विंटलमागं दोन किलो." मग देवाने जरी वरून खाली येऊन हुज्जत घातली असती तरी दोनाचे पावणेदोन झाले नसते. पुढे ओलावा मोजायचं यंत्र आलं, तेव्हा लोक आधी यंत्राला विचारायचे आणि मग खातरजमा करायला व्याह्यांच्या गालाकडे यायचे.

ही सवय त्यांनी बाजारात ठेवून घरी यावं ना! पण नाही. माझी मुलगी पाहायला आले तेव्हा मी चिवड्याची बशी पुढे केली. त्यांनी ती तोंडात घास घालण्याआधी तळहातावर तोलली आणि म्हणाले, "पावशेराच्या वर दिला, इवाई. मानसं मोकळ्या हाताची दिसतेत." आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि इवायाने इवायाची टिंगल करायची हा दोन्ही घरांचा वडिलोपार्जित हक्क असतो. पण लग्न ठरायच्या आधीच मला इवाई म्हणणारा हा पहिलाच. माझ्या लेकीचं त्या घरात जाणं बहुधा त्या बशीनेच पक्कं केलं. पुढे नात झाली तेव्हा तिला दोन्ही तळव्यांवर घेऊन ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "दोन सातशे. दुपट्याचा कडता धरून." नर्सने काट्यावर ठेवलं. काटा घाबरून दोन सातशेवरच थांबला. मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही मापाऱ्यांची जुनी रीत. ती त्यांनी निवृत्तीनंतरही सोडली नाही. पोळ्या वाढल्या तरी लाभ, दोन, तीन. देवळाला प्रदक्षिणा घातल्या तरी लाभ, दोन, तीन. एकदा त्यांना शिंका आल्या तेव्हाही मी कान देऊन ऐकलं, पण शिंकांत बोलता येत नसावं.

अशा माणसाला आजारही मापाचाच व्हावा, हे मला अजून पटत नाही. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांच्या चपला लहान होऊ लागल्या. त्यांनी चपलावाल्याशी भांडण काढलं. आठ नंबरच्या नावाखाली तू मला सात नंबर दिला, माप चोरतो काय, म्हणून भर बाजारात त्याला उभा-आडवा घेतला आणि नऊ नंबरचा जोड घेऊन आले. आठ दिवसांत तोही आवळू लागला. मग बोलताना वाक्य मध्येच थांबायला लागलं. पूर्वी एका दमात निघणाऱ्या वाक्याला दोन दम, मग तीन. मी स्वभावाने घाबरट माणूस. ते बोलायचे आणि मी त्यांचं बोलणं ऐकायचं सोडून दम मोजत बसायचो. ते म्हणायचे, थंडी आहे. थंडी सरली तेव्हा म्हणाले, उन्हाळा आहे. आडवं पडलं की श्वास लागतो म्हणून उशीखाली उशी रचून ते बसल्या-बसल्याच झोपायला लागले, आणि विहीणबाईंना सांगितलं की पलंगाला खटमल झाले.

शेवटी माझ्या लेकीने धरून यवतमाळला नेलं. बरोबर मी होतो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. छातीची सोनोग्राफीसारखी ती तपासणी झाली आणि त्यांनी सांगितलं, काका, याला हार्ट फेल्युअर म्हणतात. हृदय बंद पडलेलं नाही, पण पंप थकलाय. त्याची ताकद पस्तीस टक्के उरली आहे. व्याही माझ्याकडे वळले. "इवाई, तुम्ही मास्तर होते. सांगा बरं, पस्तीसले पास करता का नाई?"

"करतो," मी म्हणालो. खोटं कसं बोलणार?

"मग ह्या बाई मले फेल काहून करून राह्यल्या?"

डॉक्टरीणबाई हसल्या, मीही हसलो, पण परत येताना गाडीत त्यांनी तो रिपोर्ट चार वेळा उलटसुलट करून पाहिला. आमच्याकडे अमक्याचं हार्ट फेल झालं म्हणजे अमका गेला, एवढाच अर्थ लोकांना ठाऊक. बातमी घाटंजीहून मारेगावला पोचेपर्यंत तिने हेच रूप घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मारेगावचा चुलतभाऊ अंगणातूनच गळा काढत आला. दार व्याह्यांनीच उघडलं. "ये, बस," ते म्हणाले, "रडनं झालं का च्या घेशीन." हा किस्सा त्यांनी नंतर पंधरा जणांना सांगितला, प्रत्येक वेळी मीठमसाला लावून. जेवणात मीठ आता बंद झालं होतं ना, म्हणून किश्शांत घालत असावेत. पण मी पंधराव्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की सांगताना त्यांचा डावा हात उजव्या मनगटावर असतो. नाडी चालू आहे ना, ते पाहत होते.

डॉक्टरीणबाईंनी चार गोष्टी सांगितल्या होत्या. मीठ अगदी कमी, पाणी दिवसाला दीड लिटर, गोळ्या वेळेवर, आणि रोज सकाळी चहाच्या आधी वजन. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर समजायचं की अंगात पाणी साठतंय, लगेच फोन करायचा. पहिल्या तीन गोष्टी त्यांनी वकिलासारख्या पाळल्या. मीठ बंद म्हणजे मीठ बंद, पण लोणच्याचं नाव बाईंनी घेतलं नव्हतं. विहीणबाईंनी लोणच्याची बरणी माळ्यावर चढवली, तेव्हा पापड सापडले. पापड गेले तेव्हा त्यांनी अळणी ठेच्याचा एक घास खाल्ला, घास तोंडात घोळवला आणि म्हणाले, "जिभेले वाटते आपन परक्या गावात आलो." पाण्याचं मात्र माप चुकू दिलं नाही. आमच्याकडचा उन्हाळा काय असतो हे मी सांगायला नको. तांब्याला खुणा करून घोट घोट मोजून ते प्यायचे, आणि घरी आलेला पाहुणा गटागटा पाणी पिऊ लागला की त्याच्या घशाकडे असे बघायचे की त्या बिचाऱ्याला ठसका लागायचा. चौथी गोष्ट ऐकून मात्र त्यांची कळी खुलली. "ह्या बाईले मानूस समजते," ते मला म्हणाले. "बाकीचे डॉक्टर जीभ काढ म्हनतेत. हिनं काट्यावर चढ म्हनलं."

लेकीने लाल आकड्यांचं वजनाचं मशीन आणलं. व्याह्यांनी ते मागच्या पडवीत, फरशी सपाट आहे अशी खात्री करून बसवलं. आधी पाच किलोची गव्हाची थैली ठेवून मशीनची परीक्षा घेतली. रोज सकाळी सहाला ते त्यावर उभे राहायचे आणि बाजारात पुकारायचे तसं पडवीतून आकडा पुकारायचे, "अडुसष्ट!" स्वयंपाकघरात लेक तो कॅलेंडरवर लिहायची. जावई तहसीलमध्ये नोकरीला. कामावर जाताना तोही एकदा कॅलेंडर बघून जायचा. मला संध्याकाळी कळायचं. अडुसष्ट. पुन्हा अडुसष्ट. कधी सदुसष्ट आणि नऊशे. मी मनातल्या मनात त्या मशीनला नमस्कार करायचो.

पण आकडा जागच्या जागी आणि माणूस मात्र जागेवर नाही, असं काहीतरी मला खुपत होतं. ते हसणं टाळायला लागले होते. हसण्याने हृदयाला ताण पडतो असं त्यांना कुठून तरी वाटलं होतं, आणि मी विनोद केला की ते हात वर करून म्हणायचे, "नोका, इवाई, आज नोका." सकाळी दहाच्या ठोक्याला मला फोन यायचा. काय म्हणता, विचारलं तर म्हणायचे, "काई नाई, असाच." आणि तुरीचं झालं ते तर मी विसरू शकत नाही. आमच्याकडे तुरी निघाल्या की वर्षभराची डाळ करून भरून ठेवतात. ह्या वर्षी विहीणबाईंनी पोती काढली तर हे म्हणाले, "सहा महिन्याचीच करा." विहीणबाईंनी विचारलं, बाकीचे सहा महिने काय खायचं? ते उठून अंगणात जाऊन बसले. सहा महिन्यांच्या पुढचं कुठलंही सामान ते घेईनात. तेलाचा मोठा डबा नको, साखर पावच आणा, छत्री फाटली तर पाऊस येईल तेव्हा पाहू. विहीणबाई चुलीच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसायच्या, आणि त्या घरात गॅस येऊन वीस वर्षं झाली होती.

एका सकाळी आमच्या परसातली कोवळी अंबाडी घेऊन मी लवकरच त्यांच्याकडे गेलो. मागच्या दारानेच शिरलो. व्याही माझ्याकडे पाठ करून मशीनवर उभे होते. लाल आकडा मला स्वच्छ दिसला. बहात्तर पूर्णांक चार. व्याह्यांनी खाली वाकून तो पाहिला, डोळे मिटले, ओठांनी काहीतरी पुटपुटले आणि खणखणीत पुकारलं, "अडुसष्ट!"

आतून लेक म्हणाली, "लिहिलं, मामाजी."

मला वाटलं माझ्या चष्म्याचा नंबर बदलला. "इवाई," मी म्हणालो, "पुन्हा चढा बरं."

ते दचकले. मग मला बघून हसले. "मागून येऊन इवायाचं वजन पाहता, लाज नाई वाटत?"

"मशीन बहात्तर सांगते."

"मशीन ढोबळ सांगते. कडता गेला का निव्वळ."

"कडता कायचा?"

"ओलाव्याचा," ते म्हणाले, अगदी साध्या आवाजात, आणि स्टुलावर बसले. धोतर वर करून त्यांनी पाऊल पुढे केलं आणि घोट्याच्या वर अंगठा दाबला. खड्डा पडला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला, कणकेत पडतो तसा. "हे पाहा. ह्या पायात सव्वा किलो. त्या पायात दीड, तो जरा जास्त ओला हाय. पोटात सव्वा. राह्यलं ते धोतर-बंडीचं. पानी म्हनजे काई मी नोहे. ओला माल तसाच्या तसा पुकारला तर मापारी कायचा मी?"

एक क्षण मला हसू आलं. माणसाने आयुष्यभर ज्या इमानाने दुसऱ्याच्या मालातलं पाणी वजा केलं, त्याच इमानाने तो आता स्वतःतलं वजा करत होता! आणि दुसऱ्याच क्षणी मला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. दोन किलोला फोन करायचा होता. हे चार किलो झाले होते, आणि दोन्ही घरी आम्ही सगळे रोज अडुसष्ट ऐकून निवांत जेवत होतो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"होळीच्या आसपास."

मी त्यांच्यावर आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. त्या दिवशी ओरडलो. "अहो, पाणीच तर मोजायले सांगतलं होतं! त्याच्यासाठीच तर ते मशीन आणलं! समजत नाही काय तुम्हाले?"

त्यांनी आपल्या पायाकडे पाहिलं. तो खड्डा आता कुठे भरत आला होता. "समजते, इवाई," ते म्हणाले. मग दम घेतला. "सगळं समजते. पयलेपासून समजते." पुन्हा दम घेतला. "एक दिवस मी एकोनसत्तर पुकारलं होतं. सूनबाईनं लिहिलं. दिवसभर घरात कोनी मोठ्यानं बोललं नाई. पोरगा हापिसात गेला नाई. नातीले म्हने, आजोबाच्या अंगावर चढू नोको. दुसऱ्या दिवशी अडुसष्ट म्हनलो, तं तुमची पोरगी पोया लाटता लाटता गानं म्हनू लागली. मंग मले वाटलं, कडता धरलेला बरा." ते थांबले. मी दम मोजले नाहीत. "मीच घरचा काटा होऊन बसलो, बाप्पा. सगळे माह्याकडे पाहून हासतेत, नाईतर गप बसतेत. मरनाचं मले भेव नाई." मग मान हलवून म्हणाले, "हाय. भेव हाय, खोटं कायले बोलू? त्या दवाखान्यात नाकात नळी घालून छताकडे पाहत पडाचं, अन् कोनी आपल्याले सांगत नाई किती राह्यलं. त्याचं लय भेव वाटते."

दारात पेन्सिल घेऊन माझी लेक उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. मला वाटलं ती रडेल किंवा रागावेल. ती कॅलेंडरपाशी गेली, पेन्सिल ठेवली, पेन घेतला आणि अडुसष्टवर काट मारून बहात्तर पूर्णांक चार लिहिलं. मग येऊन त्यांच्या पायाशी चप्पल ठेवली. "चला मामाजी," ती म्हणाली, "आणि मी गाणं म्हणत होती ते तुम्हाले बरं वाटावं म्हणून. मले काय गाणं येते?"

यवतमाळला डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी विचारलं, "काका, तुमच्या अंदाजाने पाणी किती असेल?"

"चारच्या वर नाई," व्याही छातीवर हात ठेवून म्हणाले.

नऊ दिवस सुया आणि गोळ्यांनी ते पाणी निघत होतं. वॉर्डात त्यांच्या शेजारी पांढरकवड्याचा एक ट्रक ड्रायव्हर होता, त्याच आजाराचा. त्याला व्याह्यांनी रोज सकाळी काट्यावर नीट उभं कसं राहायचं ते शिकवलं. अंग सैल सोड, श्वास रोखू नको, आणि जे दिसेल तेच बोल, माह्यावानी शाना होऊ नोको. मला वाटलं, माणूस वळणावर आला. दहाव्या दिवशी सुट्टी द्यायच्या आधी नर्सने त्यांचं वजन केलं. बासष्ट पूर्णांक आठ.

व्याही उतरले आणि पुन्हा चढले. पुन्हा बासष्ट पूर्णांक आठ. तिसऱ्यांदा त्यांनी मलाच काट्यावर उभं केलं, माझं वजन खरं येतं का ते पाहायला. माझं खरं आलं. "मंग माह्यातले पाच किलो गेले कुठं?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी जवळ बसून समजावून सांगितलं. काका, अंगातलं मांस झिजत होतं, आणि त्याची जागा पाणी भरून काढत होतं. म्हणून आकड्यात कळलं नाही. आता हे बासष्ट तुमचं खरं वजन. ह्याच्यावर लक्ष ठेवायचं. औषधं घेतलीत, जेवलात, तर हा आजार सांभाळता येतो. व्याही हो हो म्हणाले. ज्या माणसाने हजारो गाड्यांचा ओलावा गालाने ओळखला, त्याला आपण आतून एवढे उणे झालो हे कळलं नव्हतं, आणि ते त्यांना फार लागलं. घरी येईपर्यंत ते खिडकीबाहेरच्या कापसाच्या रानाकडे बघत होते. उन्हाळ्यात तिथे काय असतं? नांगरलेली काळी ढेकळं.

आता आकडा लेक वाचते. सकाळी सव्वासहाला मला तिचा फोन येतो आणि ती नमस्कार-चमत्कार न करता नुसता आकडा सांगते. तो ऐकल्याशिवाय मला चहा जात नाही. व्याही म्हणतात, एका घराला घोर लावला होता, आता दोन घरांना लागला. नात त्यांच्या अंगावर पुन्हा चढते, त्याची मात्र डॉक्टरीणबाईंनी लिहून दिल्यासारखी परवानगी त्यांनी सगळ्यांकडून मिळवली आहे. विहीणबाईंनी त्यांना न विचारता उरलेल्या सहा महिन्यांची डाळ भरडून आणली. त्यांनी ती पाहिली, एक पोतं हाताने उचलून बघायला गेले, आणि विहीणबाईंनी डोळे वटारल्यावर नुसतंच थोपटून परत आले.

गेल्या रविवारी त्यांना मी जेवायला बोलावलं होतं. आमच्या फाटकासमोर नाली आहे आणि तिच्यावर अरुंद फरशी. तिथे आले आणि थांबले. चेहरा पडला, दम लागला. मी पुढे जाऊन त्यांच्या काखेत हात घातले आणि त्यांना अलगद उचलून अलीकडे घेतलं. माझे गुडघे गेलेले, पाण्याची बादली उचलताना मी आईला हाक मारतो. पण ह्यांना उचलताना मला काहीच जड गेलं नाही. तेच मला सोसलं नाही.

माझ्या खांद्यावर हात ठेवून ते उभे राहिले, दम परत येऊ दिला आणि विचारलं, "किती भरलो, इवाई?"

त्या सकाळचा आकडा मला ठाऊक होता. एकसष्ट पूर्णांक सहा.

"अडुसष्ट," मी म्हणालो. "चांगले भरगच्च अडुसष्ट."

मी वाट पाहत होतो की आता ते चवताळतील, मास्तर तुम्ही पोरांना काय गणित शिकवलं म्हणून माझी बिनपाण्याने करतील, फाटकातच माझ्याशी वाद घालतील. मला तो वाद फार हवा होता.

"असन," ते हळूच म्हणाले, आणि खांद्यावरचा हात त्यांनी पाटावर बसेपर्यंत काढला नाही.